अनुभवाचा दाखला

रकाना अकरा : अनुभव.
मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत किमान पाच वर्षे,
मूळ लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह.
रकाना रिकामा सोडू नये.

वरचे दहा भरून झालेत.
चारुलता खानविलकर, राहणार दांडिया बाजार, बडोदे.
एम.एस्सी., असेंद्रिय रसायन, वर्ग दुसरा.
वय पस्तिशीच्या आत, अजून चार महिने.
शिक्षणाचे कागद पिशवीतून काढले
तसे झेरॉक्सवाल्याच्या काचेवर निमूट पालथे पडले.
शिक्षणाचं हे एक बरं असतं.

अनुभवाचं तसं नाही.
अनुभव नंदेसरीला आहे, गेटला सील लावून.

सात वर्षं, पावणेसातची बस.
छाणी ओलांडली की नाकालाच कळायचं
आज कुणी काय सोडलंय.
रंगाचा कारखाना, मागे पत्र्याची लॅब,
तिथं मी सांडपाण्याचा नमुना
डायक्रोमेटमध्ये दोन तास उकळत ठेवायचे
आणि मग ब्युरेटची तोटी, थेंब, थेंब,
हिरवं, हिरवं, अजून हिरवंच,
आणि एका थेंबात विटकरी.
तो थेंब ओळखायला पाच वर्षं लागत नाहीत.
त्याच्या आधीचा ओळखायला लागतात.

सिल्व्हर नायट्रेटचा डाग धुऊन जात नाही म्हणतात.
जातो. कातडी झडली की जातो.
राखून ठेवायला हवा होता, साक्षांकित करून.

त्या दिवशी आकडा आला चोवीसशे.
किरीटभाई लॅबमध्ये कधी यायचे नाहीत; आले,
नाकावरचा रुमाल न काढता म्हणाले,
"एक मींडुं ओछुं लखो ने, बेन."
एक शून्य.
तेवढ्यानं पाणी मर्यादेत बसत होतं,
दोनशे चाळीस, सगळं सुरळीत.
मी नमुना पुन्हा लावला. पुन्हा चोवीसशे.
लिहिलं. सही केली.
धाडसबिडस नव्हतं ते.
आकडा खोडला तर शेजारी कारण लिहावं लागतं,
आणि मला कारण सुचलं नाही.

मग बोर्डाची माणसं, पंचनामा, सील.
एकशे दहा जण घरी.
कॅन्टीनचे सोमाभाई परमार
आता खंडेराव मार्केटपाशी लिंबं विकतात.
मला बघितलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात,
गिऱ्हाईक नसलं तरी.
हाही अनुभवच.
तो कुणाच्या लेटरहेडवर मागू?

परवा किरीटभाईंना भेटले,
वाघोडिया रोडला, टाइल्सच्या दुकानात.
राग नव्हता. चहा मागवला, खारी सिंग पुढे सरकवली.
लेटरहेड ड्रॉवरमध्येच होतं, शिक्काही.
"सात शुं, दस वरस लखी आपुं."
फक्त कोर्टात एवढंच सांगायचं,
की ते मींडं चुकून पडलं होतं.

मी दाणे खाल्ले.
सालं मुठीत धरून घरापर्यंत आणली,
का ते माहीत नाही.

रात्री अर्ज पुन्हा पुढ्यात घेतला.
नोकरी त्याच बोर्डात आहे, कनिष्ठ रसायनज्ञ,
प्रयोगशाळा वातानुकूलित, पगार महिन्याच्या महिन्याला.
रकाना अकरावर पेन दोनदा सुकलं.
मग लिहिलं :

दाखला जोडलेला नाही.
जप्त रजिस्टर, पंचनाम्याच्या यादीत चौथी वस्तू,
आपल्याच कार्यालयात, बहुधा लोखंडी कपाटात.
पान एकशे बारा.
आकडा एकदा आपणही तपासून घ्यावा.
सही माझी आहे.